समावेशन प्रमुखाच्या हाती सही का नाही?

रानवाट:
सहा वर्षं मी एका मोठ्या कंपनीत डीईआयचं, म्हणजे विविधता, समन्याय आणि समावेशनाचं काम केलं. शेवटची दोन वर्षं त्या विभागाची प्रमुख होते. मागच्या महिन्यात नोकरी सोडली. विरोधाशी भांडता येतं हो, पण हातात अधिकारच नसेल तर माणूस खचतो. भरतीच्या कागदावर माझी सही नाही, बढतीच्या नाही, पगाराचे आकडे तर पाहायलाही मिळत नव्हते. वर्षाअखेरीस मात्र "वरच्या पदांवर बायका का वाढल्या नाहीत?" हा प्रश्न मलाच.

एका पदासाठी शेवटच्या फेरीत दोघं उरले होते. व्हीलचेअर वापरणारी उमेदवार लेखी परीक्षेत पुढे होती. पॅनेलचा शेरा आला, "टीममध्ये रुळेल असं वाटत नाही." मी विचारलं, कशावरून? कोणी बोलेना. एकाने घड्याळ पाहिलं. माझा आक्षेप फाइलला जोडला आणि नेमणूक दुसऱ्याची झाली. त्या संध्याकाळीच माझा राजीनामा मनात पक्का झाला.

असं बिनअधिकाराचं पद ठेवावं का?

कातळ:
पदच नको, असं माझं स्पष्ट मत. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यानंतर अमेरिकी कंपन्यांनी घाईघाईने अशी पदं काढली आणि काटकसर आली तशी त्यातली बरीच गेलीही. शिवाय भेदभाव कसा टाळावा याचं सक्तीचं ट्रेनिंग. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षांची आकडेवारी तपासून दाखवलंय की सक्ती केली की मॅनेजर उलट अडून बसतात.

माझी बढती हुकली तेव्हा मॅनेजर म्हणाला, "यंदा वरून प्रमाण बघायला सांगितलंय." खरंखोटं त्यालाच ठाऊक. पण ज्या सहकारी बाईंना ती मिळाली, त्यांच्याशी मी वर्षभर धड बोललो नाही. त्यांचा काय दोष होता?

रानवाट:
कातळ, हे वाचून खरंच वाईट वाटलं. पण ते वाक्य तुमच्या मॅनेजरचं होतं. नकाराचं कारण स्वतः द्यायचं सोडून त्याने ते "वर" ढकललं. मला असे लोक रोज भेटायचे. आणि डॉबिन-कालेव्ह यांचं अर्धंच सांगू नका. मार्गदर्शक नेमणं आणि मॅनेजरांना उत्तरदायी धरणं, याने फरक पडतो हेही त्यांनीच दाखवलंय.

गरजेचं म्हणाल, तर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला प्रयोग पाहा. सारख्याच दर्जाचे बायोडेटा, फक्त नावं बदललेली. गोऱ्यांची वाटणारी नावं असलेल्यांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली.

ओंजळ:
कायद्याची बाजू राहिली. जून २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करणं रद्द ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सरकारी डीईआय कार्यक्रम बंद करण्याचे आदेश काढले. आता तिथे या कामातल्या माणसाला प्रत्येक ईमेल वकिलाला दाखवून पाठवावा लागतो. उलट नॉर्वेने २००३ मध्ये कायदा करून पब्लिक लिमिटेड कंपन्यांच्या संचालक मंडळात स्त्रिया आणि पुरुष प्रत्येकी किमान साधारण ४० टक्के असावेत असं ठरवलं. आधी ऐच्छिक ठेवून जमलं नाही, कंपनी बरखास्त होईल म्हटल्यावर जमलं. अधिकार हवा तो असा.

कातळ:
संचालक मंडळात जमलं, पण खालच्या फळीतल्या बायकांना त्याचा फारसा फायदा झाल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं नाही. आणि माझी हुकलेली बढती खालच्याच फळीतली होती. मी म्हणतो, निवड करणाऱ्याने प्रत्येक नकाराचं कारण लेखी द्यावं. मला तसा कागद मिळाला असता, तर त्या बाईंचं मी दुसऱ्याच दिवशी अभिनंदन केलं असतं.

रानवाट:
कागद हवाच, हे शंभर टक्के मान्य. पण त्या उमेदवाराच्या फाइलमध्येही कारण लेखीच होतं, "रुळेल असं वाटत नाही." ते वाचून नेमणूक थांबवायची कोणी?