उरणची गाडी आणि मोऱ्याची ओहोटी
'उरणला स्टेशन झालं, पण गाड्या इतक्या कमी की एसटीच बरी' हे म्हणणं अर्धंच पटलं. गाडी चुकली की फलाटावर ताटकळावं लागतं, खरंय. पण सगळे उरणपर्यंतच्या गाडीच्या उद्घाटनाची 12 जानेवारी 2024 हीच तारीख धरून बसलेत. नेरुळ-उरण मार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा 11 नोव्हेंबर 2018 लाच सुरू झाला होता. मधली पाच वर्षं आम्ही नेरुळकर तिथे उतरून पुढची रिक्षा शोधायचो.

त्याआधी मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्याची लाँच. मोरा बंदरात गाळ इतका, की मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागतच नाही. आत्याकडे जायचं तर आई आधी तिथी बघायची; अमावास्या-पुनवेला हमखास खोळंबा. म्हावऱ्याच्या रिकाम्या टोपल्यांशेजारी पाणी चढायची वाट बघत बसलोय आम्ही. गाडीला निदान ओहोटी नाही!