वाहनांच्या दिव्यांचे नियम आणि तपासणी सर्वत्र सारखी असावी का?

निशाचर (धागाकर्ता)

वाहनाचे दिवे दोन कामे करतात. चालकाला रस्ता दाखवतात आणि तो आता काय करणार आहे हे इतरांना कळवतात. पहिल्या कामाचे नियम प्रदेशानुसार बदलले तर ते मी समजू शकतो. दुसऱ्या कामाचे नियम मात्र कुठेही बदलता कामा नयेत, असे माझे ठाम मत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार मागचा इंडिकेटर नारिंगी असावा लागतो, तर अमेरिकेत तो लाल असला तरी चालतो. तिथल्या अनेक गाड्यांत ब्रेकलाइट आणि इंडिकेटर यांचे काम एकच दिवा करतो. अशा गाडीच्या मागे आपण पावसात चाललो आहोत आणि तिची डावी बाजू मधल्या ट्रकने झाकली आहे, असे समजा. उजवीकडे एक लाल दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. चालक ब्रेकवर पाय ठेवून काढतो आहे की उजवीकडे वळतो आहे, हे ठरवायला आपल्याला जेमतेम क्षणभर मिळतो. अमेरिकेच्याच राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००९ साली केलेल्या अभ्यासात, नारिंगी इंडिकेटर असलेल्या गाड्यांना वळताना किंवा लेन बदलताना मागून धडक बसण्याचे प्रमाण ५.३ टक्क्यांनी कमी आढळले. तरीही नियम बदललेला नाही.

तपासणीतही तीच तफावत आहे. ब्रिटनमध्ये बहुतेक भागांत गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. युरोपीय संघाने किमान मर्यादा ‘चार वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी’ अशी ठेवली आहे. याउलट टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणीच रद्द केली. दिव्यांपुरती तरी एक किमान तपासणी सर्वत्र सक्तीची असावी. आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

दूरदेशी

निशाचर यांची कळकळ पोहोचली, पण मी सहमत नाही. नियमांतील फरक हा प्रत्येक वेळी कुणाच्या तरी हलगर्जीपणाचा पुरावा नसतो. स्वीडनने १९७७ पासून दिवसाही दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे केले, कारण तिथे हिवाळ्यातला दिवस तोकडा असतो आणि कित्येक तास संधिप्रकाशातच जातात. जिथे बाराही महिने लख्ख ऊन असते तिथे हीच सक्ती करण्याची निकड तितकी नसते. एलईडी हेडलाइटचेही तसेच. त्याची काच हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे तिच्यावर साचलेला बर्फ वितळत नाही. हा प्रश्न हिमवर्षाव होणाऱ्या प्रदेशाचा आहे आणि नियमही त्यानेच करावा.

एकसारखेपणाची किंमत काय असते तेही पाहा. अमेरिकेने १९४० साली सर्व गाड्यांना ठरावीक मापाचे सीलबंद (तार, परावर्तक आणि काच एकत्र जोडलेले) हेडलाइट सक्तीचे केले आणि ती सक्ती १९८३ पर्यंत टिकली. हॅलोजन दिवे युरोपात रुळले तेव्हा अमेरिकी चालक जुन्याच उजेडात गाडी हाकत होते. समोरच्या गाडीपुरताच झोत झाकणारे हेडलाइट युरोपात आधी आले. अमेरिकेत त्यांना २०२२ साली परवानगी मिळाली. सगळ्या जगाला एकच नियम असता तर ते कुणालाच वापरून पाहता आले नसते. कॅनडाने १९८९ च्या अखेरीपासून नव्या गाड्यांना दिवसा लागणारे पुढचे दिवे सक्तीचे केले. पुढे लक्षात आले की, पुढे उजेड दिसतो म्हणून रात्रीही कित्येक चालक दिव्यांचे बटण दाबत नाहीत आणि गाडीची मागची बाजू अंधारात राहते. म्हणून सप्टेंबर २०२१ पासून बनणाऱ्या गाड्यांसाठी ही त्रुटी दूर करण्यात आली. एका देशाची ही चूक इतरांना धडा म्हणून उपयोगी पडते.

निशाचर

सीलबंद हेडलाइटचे उदाहरण माझ्या विरोधात जात नाही. तिथे चूक झाली ती दिव्याचे माप आणि आकार नियमात गोठवल्यामुळे. उजेड किती पडावा आणि समोरच्याच्या डोळ्यांत किती जाऊ नये, एवढेच नियमाने सांगितले, तर तंत्रज्ञान अडत नाही. शिवाय इंडिकेटरच्या रंगात प्रयोग करण्यासारखे काय उरले आहे?

पानापक्कड

मी अनेक वर्षे गाड्यांचे विजेचे काम करतो. कायद्याचा कागद आणि गाडीवरचा दिवा यांच्यातले अंतर या चर्चेत यायला हवे.

हॅलोजन हेडलाइटमधील परावर्तक हा बल्बमधल्या तापणाऱ्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. ती तार बारीक असते आणि नेमक्या ठिकाणी बसते. तिथे बाजारातला एलईडी बल्ब घातला की त्याच्या दोन बाजूंच्या चिपा त्या जागेपासून किंचित सरकलेल्या असतात आणि मध्ये त्या बसवलेल्या पट्टीची जाडी येते. गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करून डिपर (खाली वळवलेला झोत) लावला की हे लगेच दिसते. मूळ बल्ब असताना उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ येते आणि ती दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली असते. बदललेल्या बल्बची कड विस्कटते, उजेड वर चढतो आणि चालक मात्र समाधानाने सांगतो की आता छान दिसते. त्याला छान दिसते, हे खरे आहे. समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही.

जर्मनीने २०२० पासून असे बल्ब ठरावीक दिव्यांत, मंजुरी असेल तरच वापरू दिले आहेत, आणि तिथे दर ऑक्टोबरमध्ये दिव्यांची मोफत तपासणीही होते. मला हा मार्ग पटतो, कारण डिकीत वजन भरले, मागची स्प्रिंग बसली किंवा दिव्याची काच पिवळी पडली, तर चालकाला आपणहून काही कळत नाही. दुसऱ्या कुणी तरी गाडीसमोर गुडघे टेकून पाहावेच लागते.

हिशेबी

पानापक्कड यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु सक्तीच्या तपासणीने अपघात घटतात का, हा प्रश्न टाळता येणार नाही. नॉर्वेतील २००७ च्या एका अभ्यासात असे दिसले की तपासणीमुळे गाड्यांतील बिघाड कमी झाले, पण अपघातांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानेही २०१५ च्या अहवालात या तपासणीचे फायदे आकड्यांत मांडणे कठीण असल्याचे नमूद केले. तपासणीचा आणि दुरुस्तीचा भार मात्र जुनी गाडी वापरणाऱ्या, म्हणजे बहुधा कमी उत्पन्नाच्या माणसावरच पडतो. दोन तपासण्यांच्या मधले महिने तर मोकळेच असतात. बल्ब तपासणीच्या दुसऱ्या दिवशीही बदलता येतो. तोच पैसा रस्त्यावरील अचानक तपासणीवर खर्च करावा, असे मला वाटते.

पानापक्कड

हिशेबी यांना एकच विचारतो. डोळे दिपल्यामुळे गाडी रस्त्याखाली गेली, तर त्याची खूण घटनास्थळी कुठे राहते? फुटलेला टायर पंचनाम्यात सापडतो. समोरून येऊन निघून गेलेला झोत सापडत नाही, म्हणून तो आकड्यांत कमीच दिसणार. अचानक तपासणीला माझा विरोध नाही, मात्र झोताची कड तपासायला सपाट जागा आणि मोजमापाचे यंत्र लागते, ते रस्त्याच्या कडेला नीट जमत नाही.

दूरदेशी

इंडिकेटरच्या रंगाबाबत निशाचर यांचे म्हणणे मी मान्य करतो. तिथे फरक ठेवण्याला मलाही कारण सापडत नाही. झोताबाबत मात्र पूर्ण एकरूपता शक्यच नाही. डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांत डिपरचा झोत डाव्या कडेला उचललेला असतो. तीच गाडी ब्रिटनमधून फ्रान्समध्ये उतरली की उचललेला भाग थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जातो आणि म्हणून दिव्यावर पट्टी चिकटवावी लागते किंवा झोत बदलून घ्यावा लागतो. तपासणी किती वर्षांनी व्हावी, हे तर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ किती पडते आणि गाड्या किती जुन्या आहेत, यावरच ठरायला हवे.

निशाचर

वर्षे प्रत्येकाने आपापली ठरवावीत, एवढी माघार मी घेतो. टेक्सासप्रमाणे तपासणीच काढून टाकायला मात्र माझा विरोध कायम आहे. पानापक्कड यांनी सांगितलेली भिंतीवरची कड कुणी तरी, कधी तरी पाहिलीच पाहिजे.