बाबांना अचानक अटॅक आला, आता गोळ्यांबद्दल विचारायचंय

माणदेशी:
गेल्या महिन्यात बाबांना पहाटे छातीत जळजळ, दरदरून घाम आणि जबडा दुखायला लागला, ते म्हणत होते पित्त झालंय सोडा द्या, पण आईने ऐकलं नाही, १०८ ला फोन लावला म्हणून वाचले. ईसीजीत अटॅक दिसला, लगेच अँजिओप्लास्टी (हृदयाची बंद झालेली नस उघडली), एक स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला. आता ब्रश करताना हिरड्यातून थोडं रक्त येतं म्हणून रक्त पातळ करायची गोळी बंद करू म्हणतायत. काय करावं? रात्री झोप लागत नाही आम्हाला.

कृष्णाकाठ:
दादा, गोळी स्वतःहून अजिबात बंद करू देऊ नका!! नवीन स्टेंटमध्ये गुठळी झाली तर परत अटॅक येतो आणि तो जास्त वाईट असतो. ॲस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी साधारण १ वर्ष असते, रक्त येतंय हे डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, ते बघून बदलतील. शौच काळी झाली तर पोटात रक्त जात असू शकतं, थेट दवाखाना. आईंना नमस्कार सांगा माझा.

स्मिता_नगर:
बाबांना शुगर आहे का? माझ्या सासऱ्यांना होती, त्यांना छातीत काहीच दुखलं नाही, नुसता दम लागला आणि तोच अटॅक होता.

माणदेशी:
हो ताई, शुगर आहे. डॉक्टरांशी आत्ताच बोललो, गोळी चालू ठेवा म्हणाले, उद्या तपासायला बोलावलंय.