मदत हवी आहे : पतधोरणातील ‘टायटनिंग’ नेमके कशाला म्हणावे?

नमस्कार. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी पतधोरणावर मराठीत टिपणे लिहीत असून ‘टायटनिंग’ या इंग्रजी शब्दाच्या व्याप्तीविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवून कर्ज महाग करणे हा त्याचा रूढ अर्थ आहे. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जून २०२२ पासून मुदत संपलेल्या रोख्यांची काही रक्कम पुन्हा न गुंतवता ताळेबंद कमी करायला घेतला, त्याला ‘क्वांटिटेटिव्ह टायटनिंग’ म्हणतात, हेही स्पष्ट आहे.

माझी अडचण आपल्या रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१८ मधील निर्णयाशी संबंधित आहे. त्या वेळी रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो) ६.५० टक्क्यांवर कायम ठेवूनही धोरणाची भूमिका ‘तटस्थ’वरून ‘कॅलिब्रेटेड टायटनिंग’ अशी बदलण्यात आली. दरकपात होणार नाही, परंतु प्रत्येक बैठकीत दरवाढ होईलच असेही नाही, असा तिचा अर्थ सांगितला गेला. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये भूमिका पुन्हा तटस्थ झाली आणि दर ६.२५ टक्क्यांवर आला. म्हणजे ऑक्टोबरमध्ये हा शब्द झालेल्या कृतीसाठी नव्हे, तर पुढील कल दाखवण्यासाठी वापरला होता, असे मला वाटते. हे आकलन योग्य आहे का? ‘पत आवळणे’ लिहिल्यास दरवाढ झाल्याचा समज होतो, आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही चूक मला गंभीर वाटते. ‘आकुंचनाकडे झुकलेली भूमिका’ हा पर्याय चालेल का? पाठ्यपुस्तकांत याहून नेमकी संज्ञा रूढ असल्यास कृपया वाक्यातील उपयोगासह कळवावी.