सहा दिवसांत सहा सामने: पाचवा स्टार्टर कुणाला करायचा?

टिळकवाडी_डगआउट
पुढच्या महिन्यात बेसबॉलची स्पर्धा आहे. तीन साखळी सामने, मग क्वार्टर, सेमी आणि फायनल. रोज एक, सगळे नऊ इनिंगचे. पोरं १९ ते २२ वयाची. चार स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) पक्के आहेत, चौघंही उजवे. पाचव्या जागेसाठी तिघं शिल्लक आहेत. आकडे सराव सामन्यांचे:

पहिला डावरा. फास्टबॉल ताशी ११० किमीच्या आसपास, चेंजअप (त्याच हालचालीनं टाकलेला हळू बॉल) ९६. १२ इनिंग, ३ वॉक (चार बॉल चौकटीबाहेर गेले की बॅटर फुकट फर्स्ट बेसवर), १५ हिट (बॅटर मारून बेसवर). एका इनिंगला सरासरी १४ पिच (टाकलेले बॉल).

दुसरा टेनिस बॉल क्रिकेटमधला फास्ट बोलर. स्पीडगनवर १२८. ७ इनिंग, ११ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), ३ हिट, पण १० वॉक, आणि दोघांना बॉल लागला. इनिंगला २३ पिच.

तिसरा सध्या बुलपेनमध्ये (सामन्यात मधून उतरणाऱ्या राखीव पिचरमध्ये). फास्टबॉल ११६, कर्व्ह (वळत खाली पडणारा बॉल) चांगला. दोन इनिंग बघण्यासारखा टाकतो. ४५ पिचच्या पुढं कर्व्ह लोंबकळायला लागतो आणि मग मार पडतो.

कमिटीतले दोघं म्हणतात, १२८ वाला सोडून बाकीचं कसलं बोलताय. माझा कल डावऱ्याकडं आहे, पण त्या १५ हिट डोळ्यात खुपतात. मैदान मुरमाचं आहे, हेही लक्षात घ्या.

हिशेबवही
आधी कागद घ्या. पिचर नंतर.

या वयाला 'पिच स्मार्ट'चे (पिचरचा हात जपायची अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं) आकडे असे आहेत: ३० पिचपर्यंत विश्रांती नको, ३१ ते ४५ ला एक दिवस, ४६ ते ६० ला दोन, ६१ ते ८० ला तीन, ८१ ते १०५ ला चार दिवस. त्याच्या वर गेलात तर पाच. एका दिवसात १२० च्या पुढं जायचं नाही.

आता तुमचं वेळापत्रक यावर ठेवा. एक नंबरचा पिचर पहिल्या दिवशी ८० वर थांबवला तर दुसरा, तिसरा, चौथा दिवस विश्रांती, आणि सेमीला तो हजर. ८१ वा पिच टाकला की सेमी गेली, थेट फायनललाच. दोन नंबरचा दुसऱ्या दिवशी ८० वर थांबवा, तो फायनलला मिळतो. म्हणजे सामना सुरू करायला तुम्हाला चौघंच पुरतात. पाचवा 'स्टार्टर' म्हणून एकही सामना सुरू करणार नाही.

मग पाचवा कशाला? हे बघा. सहा सामने गुणिले नऊ, ५४ इनिंग. इनिंगला १७ पिच धरले तर ९१८. स्टार्टरकडून पहिल्या दोन दिवशी ८०-८०, तिसऱ्या-चौथ्या दिवशी १००-१००, शेवटच्या दोन दिवशी थकलेल्या हातांचे परत ८०-८०. झाले ५२०. उरले जवळजवळ ४००. १० धावांच्या फरकाचा नियम स्पर्धेत असेल तर थोडे कमी होतील, पण त्यावर विसंबू नका. हे ४०० पिच कोण टाकणार? तुमचा खरा प्रश्न हा आहे.

इथं इनिंगला १४ आणि २३ यातला फरक पैशासारखा मोजा. ६० पिचमध्ये डावरा चार इनिंग काढतो, १२८ वाला जेमतेम अडीच. डावरा पहिल्या दिवशी पाचव्या इनिंगपासून ६० टाकेल, दोन दिवस बसेल, चौथ्या दिवशी परत ६०. बुलपेनवाला ४५ च्या आत ठेवायचा, म्हणजे एक दिवसाआड मिळतो, आणि त्याचा कर्व्ह लोंबकळायच्या आत तो बाहेरही येतो. १२८ वाला ३० च्या आत. नियमानं तो दुसऱ्या दिवशीही चालतो, पण लागोपाठ तिसऱ्या दिवशी मी हातात बॉल देणार नाही.

स्कोअररला सांगून ठेवा, ७० व्या पिचला डगआउटकडं (संघाच्या बाकाकडं) हात करायचा. ८० ला सांगून उपयोग नाही. बुलपेनमधला पिचर गरम व्हायलाच दहा मिनिटं जातात.

खानापूरचा कॅचर
१२८ वाल्याबद्दल लिहितो, कारण असली पोरं आपल्याकडं गावोगाव हायत आणि सगळ्यांची चूक एकच असत्या.

क्रिकेटमधला वेग रनअपमधून येतो. इथं एक पाय रबरला (पिचरच्या पायाखालची पट्टी) चिकटलेला. रनअप काढून घेतला की पोरगं ती कसर खांद्यानं भरून काढतंय. छाती लवकर उघडते, हात मागं राहतोय, बॉल बॅटरच्या डोक्यावरनं. पुढचा पिच ओढून टाकतंय, तो प्लेटच्या (बॅटरजवळची पाटी) अलीकडं मातीत. शिवाय लहानपणापासून फुलटॉस टाकला म्हणून शिव्या खाल्लेल्या. इथं प्रत्येक पिच फुलटॉसच टाकायचा असतोय, हे डोक्याला कळलं तरी मनगटाला कळत नाही बगा.

त्याला बोलिंग विसरायला सांगा. बाउंड्रीवरनं कीपरकडं थ्रो कसा करतोस ते दाखव म्हणा. कोपर वाकलेलं, खांद्याच्या उंचीला, तीच हालचाल माउंडवर (पिचरचा मातीचा उंचवटा) पायजे. सुरुवातीला वाइंडअप (पुरी लांब हालचाल) नको, फक्त स्ट्रेचमधून (बाजूनं उभं राहून, आखूड हालचालीनं). दोन बांबू ४३ सेंटिमीटर अंतरावर पुरा (प्लेटची रुंदी तेवढीच), एक दोरी गुडघ्याला, एक छातीला. १२ मीटरवरनं दहा, १५ वरनं दहा, मग पुरे १८.४४ मीटर, तिथनं वीस. विसात बारा चौकटीत गेले तर पुढची पायरी, म्हणजे बॅटर नुसता उभा करायचा, बॅट फिरवायची नाही. बारा जात नसतील तर सामन्यात पण जाणार नाहीत.

दुसरी गोष्ट हाताची. साधा टेनिस बॉल ५८ ग्रॅमच्या आसपास, हेवीवाला धरला तरी बेसबॉलपेक्षा हलकाच. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम. तेवढ्याच झटक्यानं अडीचपट वजन फेकालाय पोरगं. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला की त्या दिवशी बंद. बर्फ लावून परत टाकायला लावू नका. कोपराचा तो लिगामेंट फाटला की ऑपरेशन आणि वर्षभर बाहेर. महिन्याभरात तो स्टार्टर होत नाही. एक इनिंगचा होईल.

नऊ_नंबर_बॅटर
कमिटीवाले १२८ म्हणून उड्या मारतायत त्यांना सांगा, २००८ मध्ये भारतात पिचर शोधायची स्पर्धा झाली त्यातनं अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स संघानं घेतलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघंही भालाफेकीतले होते, क्रिकेटमधले नाहीत. भाल्याला कोपर थ्रोसारखं चालतं. कॅचरभाऊ म्हणतात ते हेच.

बाकी १२८ वाल्याला ओपनर करा की. अमेरिकेतल्या टँपा बे रेज संघानं २०१८ ला हेच केलं, रिलीव्हरला (मधून येणाऱ्या पिचरला) पहिली इनिंग, मग नेहमीचा पिचर. पहिल्या तिघाचौघांना १२८ दाखवायचं आणि लगेच डावऱ्याचा ९६ चा चेंजअप. बॅट अर्धा रस्ता पुढं गेलेली असेल.

हिशेबवही
ओपनर रेजकडं चालला कारण तो स्ट्राइक टाकणारा होता. ७ इनिंगला १० वॉकवाला पहिल्या बॅटरला चार बॉल चौकटीबाहेर टाकणार, आणि डावरा गरम व्हायच्या आत दोन रनर बेसवर. एखाद्या साखळी सामन्यात करून बघा, सेमीला नको.

ओपनरचा एक फायदा मात्र खरा. तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की पिचर जास्त मार खातो, त्यांना बॉल दिसायला लागतो. डावरा पाच नंबरच्या बॅटरपासून सुरू झाला तर वरचे चौघे त्याला तिसऱ्यांदा उशिरा भेटतात. पण डावऱ्याला पाचव्या इनिंगला आणलं तरी हाच फायदा होतो, आणि १० वॉकची जोखीम नाही.

टिळकवाडी_डगआउट
४०० चा आकडा बघून डोकं ठिकाणावर आलं. आता १५ हिटचं सांगा. समोरचे बहुतेक बॅटर उजवे असणार. उजव्यांना डावऱ्याचा बॉल लवकर दिसतो ना?

खानापूरचा कॅचर
दिसतोय. ते खोटं नाही. म्हणून त्यानं आत, हाताजवळ फास्टबॉल दाखवायचा आणि आउट बाहेरच्या चेंजअपवर काढायचा. डावऱ्याचा चेंजअप उजव्या बॅटरपासून लांब पळतोय. ११० आणि ९६, चौदाचा फरक पुरतोय. पण हात तेवढ्याच जोरात फिरला पायजे. हात हळू केला की पलीकडच्या पोराला कळतंय.

त्या १५ हिट कुठं गेल्या ते स्कोअरशीटवर बघा. शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसमधला फिल्डर) आणि थर्डमधनं जमिनीवर घसरत गेलेले ग्राउंडर असतील तर ती पिचरची चूक नाही, मुरमावर बॉल शेवटच्या टप्प्याला उडतोय. इनफिल्डरना दोन पावलं पुढं घ्या, आणि सामन्याआधी मैदानावर पाणी मारून जाळी ओढा. आउटफिल्डला थेट गेलेले लाइन ड्राइव्ह निम्म्यापेक्षा जास्त असतील तर मग विचार करा.

रनर धरण्यात डावऱ्याचा फायदा मोठा. फर्स्ट बेस त्याच्या तोंडासमोर. तरी घड्याळ लावा: हालचाल सुरू झाल्यापासून बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये येईपर्यंत १.३ सेकंद पायजे. कॅचरचा थ्रो सेकंडला दोन सव्वादोन सेकंदात जातोय. पिचरनं १.६ घेतले तर कॅचर कितीबी चांगला असू दे, रनर सेकंड बेस चोरणारच.

आणि ट्रायल सपाट जमिनीवर घेऊ नका. माउंड २५ सेंटिमीटर उंच, रबरच्या १५ सेंटिमीटर पुढनं उतार सुरू, फुटाला एक इंच. नुसत्या मुरमाचा माउंड केला तर तिसऱ्या इनिंगला पाय टेकतो तिथं खड्डा, आणि पिचरचे सगळे बॉल वर जायला लागतात. लोक म्हणतात दमला. दमला नाही, घसरला. आमच्याकडं कुंभारकामाची चिकणमाती मिळत्या, दोन पोती आणून ती पाय टेकायच्या जागी आणि रबरच्या पुढं ओली करून ठोका, रात्रभर ओल्या पोत्याखाली ठेवा. डावऱ्याचा पाय उजव्यांच्या खड्ड्यात पडत नाही, त्याला नवी जागा मिळत्या, तिथंपण ठोका. ते नेहमी विसरतंय.

टिळकवाडी_डगआउट
स्कोअरशीट काढली. १५ पैकी ९ ग्राउंडर, त्यातले ६ शॉर्ट आणि थर्डच्या मधून. लाइन ड्राइव्ह ४. डावरा घेतो. १२८ वाल्याला उद्यापासून बांबूसमोर. खानापूरहून दोन पोती माती कोण पाठवतंय?

खानापूरचा कॅचर
रविवारी संध्याकाळी गाडी येत्या बेळगावला. पोती रिकामी परत द्या म्हंजे झालं.