मदत हवी आहे: थिंकपॅड टी४२ चा अडॅप्टर लोड आला (करंट ओढला गेला) की बसतो

केळीवाला_रावेर:
मंडळी नमस्कार. आयबीएमचा थिंकपॅड टी४२, २००४ सालचा, अजून एक्सपीवर चालतो. ‘भंगारात घाला’ हा सल्ला घरात रोज फुकट मिळतो, तेव्हा तो इथे नको. केळीच्या गाड्यांचं वजन आणि भाडं ज्या प्रोग्रामात आहे, त्याचं डोंगल (ज्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही ती किल्ली) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद खाचेला लागतं आणि डोंगलच्या पाठीला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. प्रोग्राम करून देणारा केव्हाच हा धंदा सोडून गेला. नवीन लॅपटॉपला तो पोर्टच नाही.

मागच्या आठवड्यात वादळात लाईट तीन-चारदा गेली-आली. तेव्हापासून अडॅप्टरचं हे असं:

नुसता लावला तर मीटरवर १६.१ व्होल्ट, अगदी छापल्याबरहुकूम (१६ व्होल्ट, ४.५ अँपिअर). पिन लॅपटॉपला लावली की आतून टिक-टिक आवाज, व्होल्टेज ५-६ वर येतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं. लॅपटॉपचा दिवा नुसता मिचमिचतो. बॅटरी कधीचीच मेलेली. वायर पिनेपाशी हलवून पाहिली, फरक नाही.

जळगावला एका दुकानात १९ व्होल्टचा हातात दिला. “पिन बसते ना, मग चालतं!” मी तसाच परत आलो.

डबी चारही बाजूंनी चिकटवलेली आहे, स्क्रू एकही नाही. न फोडता कशी उघडायची? आणि लोड म्हणून ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा बल्ब लावून तपासलं तर चालेल का?

सोल्डरगन:
१९ चा घेतला नाहीत ते उत्तम. ५.५ बाय २.५ मिलिमीटरची ही पिन बऱ्याच कंपन्यांच्या १९ व्होल्टवाल्यांनाही असते, म्हणून ती बिनबोभाट बसते. २००६ च्या टी६० पासून २० व्होल्ट आणि जाड पिन आली, तेही अडॅप्टर तुमच्या कामाचे नाहीत.

फ्यूज किंवा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) उडाला असता तर १६ व्होल्ट दिसलेच नसते. टिक-टिक म्हणजे आतली आयसी (कंट्रोल करणारी चिप) सुरू होते, काहीतरी खटकतं, बंद पडते, पुन्हा प्रयत्न करते. माझा संशय आउटपुटच्या कपॅसिटरांवर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे). सुकले की बिनलोडचं व्होल्टेज बरोबर दिसतं, करंट मागितला की कोसळतं. वादळाने शेवटचा धक्का दिला असेल, पण खरं मारलं ते उन्हाने. तापमान वाढलं की दर १० अंशांना कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस असतात. त्यात अडॅप्टर पत्र्याच्या कपाटावर ठेवला असेल तर बघायलाच नको.

हेडलाईटचा बल्ब नको. थंड फिलामेंट सुरुवातीला कितीतरी पट करंट ओढतं, चांगला अडॅप्टरही त्यावर टिकटिकेल. १० ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर घ्या, १.६ अँपिअर जातील. चांगला तापतो, फरशीवर ठेवा.

भुसावळकर:
उघडायचं सोपं आहे भो. जोडाच्या रेघेवर बोथट पटाशी धरायची आणि हातोडीने हलके-हलके टोले देत चहूकडून फिरायचं. कट्ट आवाज आला की सुटलं. करवतीच्या पानाने कापू नका, आत खोल गेलं की ट्रान्सफॉर्मरची तार जाते. काढल्यावर आतला पिवळट प्लास्टिकचा कागद जपून ठेवा, तो परत घातलाच पाहिजे.

सोल्डरगन:
आणि एक, हे गमतीवारी घेऊ नका. मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतात. जुन्या पिवळ्या बल्बच्या वायरी त्याच्या दोन पायांना टेकवून उतरवा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा तसाच पिवळा बल्ब सिरीजमध्ये (लाईटच्या एका वायरीच्या मधे) घाला, एलईडी नव्हे. क्षणभर पेटून विझला तर ठीक; पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

केळीवाला_रावेर:
उघडला. आउटपुटच्या दोनपैकी एका कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाशी तपकिरी ओघळ. दोन्ही १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. गोलाणी मार्केटमधून १०५ डिग्रीवाले, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेले) मागून आणले. आयसीजवळचा ४७ मायक्रोफॅरडचा छोटाही बदलला. सिरीज बल्ब पेटून विझला. रेझिस्टर लावून १५.८ व्होल्ट, आवाज नाही. लॅपटॉप सुरू झाला, पण फार वेळ चालवला नाही. डबी फेविक्विकने चिकटवू की नुसती केबल टाय?

भुसावळकर:
आधी दोन-तीन दिवस टायवर चालवा. खटकलं तर परत उघडायला नको का?