दप्तरही 'वाढत्या अंगाचं' घ्यायचं का?

निशिगंध
लेक पाचवीत, वजन २९ किलो. आठवडाभर 'पाठ दुखते' चाललं होतं. रविवारी प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला, दप्तर लटकवलं. ५ किलो ४००! केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पाचवीला जास्तीत जास्त अडीच किलो. आपल्या राज्याच्या २०१५ च्या शासन निर्णयातही मुलाच्या वजनाच्या दहा टक्के.

शाळेला पत्र लिहायला बसले आणि आधी दप्तर सतरंजीवर ओतलं. नुसती रिकामी बॅगच ११०० ग्रॅम. ती मीच घेतलेली, दहावीपर्यंत पुरेल म्हणून, फ्रॉकसारखी वाढत्या अंगाची. लिटरची स्टीलची बाटली पाण्यासकट सव्वा किलो. शिवाय दोन कंपासपेट्या, मागच्या सत्राच्या वह्या आणि एक चपटा दगड ('असू दे गं!').

माझं मत: शाळेला शिव्या घालण्याआधी काटा आणा. आणि बॅग पाठीच्या मापाची घ्या. पोरीला दुकानात न्या, तळ कमरेच्या फार खाली लोंबला तर ती बॅग तिची नव्हे.

शेवटचा_बाक
ताई, सगळं आईबापांवरच घ्यायची हौस का? आठ तास, प्रत्येकाचं पुस्तक, वही, वर खासगी प्रकाशनाची कार्यपुस्तिका. ते ओझं कोण ठरवतं? बालभारतीने २०२३ ला पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली. पोरं वेगळ्या वह्या नेतच राहिली, २०२५ मध्ये निर्णय मागे. आणि तुमच्या त्याच धोरणात शाळेत डिजिटल वजनकाटा ठेवा असंही म्हटलंय. कोणी पाहिलाय तो?

ताकपोळी
आम्ही खताच्या पिशवीचं दप्तर एका खांद्यावर टाकून चार किलोमीटर चालायचो. पाठ शाबूत आहे.

शेवटचा_बाक
@ताकपोळी काका, त्यात पाटी आणि दोन पुस्तकं असायची.

उलट_तपासणी
दोघांनाही न पटणारं सांगतो. २०१८ ला ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ६९ अभ्यासांचा आढावा आला होता. दप्तराचं वजन, रचना किंवा ते घ्यायची पद्धत यामुळे मुलांची पाठ दुखते, याचा खात्रीलायक पुरावा त्यात मिळाला नाही. पोरगी संध्याकाळी सोफ्यावर मोबाइल घेऊन कशी बसते, मैदानावर किती जाते, ते बघा. दहा टक्के हा आकडा सोयीचा आहे, देववाणी नव्हे.

निशिगंध
मुद्दा मान्य. पण त्यातले मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणारे अभ्यास मोजकेच होते. आणि मी तिला तीन जिने चढताना मागून पाहिलंय. पट्टे सैल, बॅग ढुंगणावर आपटतेय, मान कासवासारखी पुढे. त्याच बॅगेचे पट्टे आवळले, जाड पुस्तकं पाठीला चिकटून ठेवली, तर पुढचा जिना सरळ चढली. आजार राहू द्या, पोर वाकून चालत नाही एवढं मला पुरे.

आठवीचा_बाबा
पट्टे आवळणार कोण? आमचे चिरंजीव दप्तर एकाच खांद्यावर टाकतात. दोन्हीकडे घेतलं की वर्गात 'बाळ' म्हणतात. छातीवरचा पट्टा लाव म्हटलं तर, "बाबा, राजगडावर चाललोय का?" तुमची पाचवीतली ऐकते, तीन वर्षांनी बोलू.

सायली_व्हॅनवाली
चाकांची बॅग सुचवणाऱ्यांनी एकदा आमच्या व्हॅनमध्ये ती कोंबून दाखवावी. शाळेच्या पायऱ्यांवर ती उचलावीच लागते, आणि चाकांमुळे आणखी जड.

निशिगंध
आजचं वजन: नवी बॅग ६०० ग्रॅमची, अर्ध्या लिटरची बाटली, दगड खिडकीत. ३ किलो ७००. दहा टक्क्यांच्या वर आठशे ग्रॅम अजून आहेत आणि ती सगळी पुस्तकं-वह्याच आहेत. @शेवटचा_बाक, ते पत्र आता लिहिते. मसुदा इथे टाकू का?